संत गोन्सालो गार्सिया : वसईचा दुभाषा, नागासाकीचा हुतात्मा



पवित्र आठवड्यातल्या बुधवारी मिस्सामध्ये यहूदा इस्कार्योताचे शुभवर्तमान वाचले जाते. चांदीची तीस नाणी, वल्हांडणाचे भोजन, एकाच ताटात बुडवलेले दोन हात हे सारे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच की काय, आपण ते ऐकतो, मनातल्या मनात यहूदाला दोष देतो आणि घरी जातो. विश्वासघात हे त्याचे पाप, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. बलिदानाचेही तसेच. ते संतांनी आणि हुतात्म्यांनी करायचे, आपण त्यांच्या सणाला मेणबत्ती लावायची, अशी आपली वाटणी झालेली असते.

आपल्या मराठी शुभवर्तमानात यहूदाच्या कृत्यासाठी ‘धरून देणे’ असा अगदी साधा शब्द आलेला आहे. चोराला शिपायाच्या हाती धरून देतात, तसे त्याने आपल्या गुरूला दिले. आणि मिस्साबलिदानात धर्मगुरू भाकर हाती घेतात तेव्हा आपल्याला आठवण करून दिली जाते की ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आले, त्याच रात्री त्याने आपले शरीर आपल्यासाठी दिले. एकाच रात्री, एकाच मेजावर दोन देणी घडली. एकाने दुसऱ्याला देऊन टाकले आणि आपली थैली भरली. दुसऱ्याने स्वतःला देऊन टाकले आणि आपल्याला वाचवले. विश्वासघात आणि बलिदान यांच्यात हाच फरक आहे. संकटाची किंवा लोभाची घडी आली की आपण कोणाला पुढे करतो, दुसऱ्याला की स्वतःला?

हा प्रश्न आपल्याच महाराष्ट्रातल्या एका माणसापुढे चारशेहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला. त्याचे नाव संत गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून आपण त्याचे नाव ऐकलेले असते. वसईकर त्याला आपला म्हणतात आणि ते योग्यच आहे. पण चाळीसगावहून मुंबईच्या गाडीत बसले तर दिवसाभरात वसईला पोचता येते. तेव्हा हा संत आपल्या खानदेशालाही काही परका नाही. त्याचे चरित्र आज आपण थोडे निवांतपणे पाहू या.

वसईचा मुलगा

वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. समुद्राकाठी त्यांनी मोठा किल्ला बांधला. त्या किल्ल्यात चर्च, मठ, शाळा, दवाखाने, बाजार असे एक गावच उभे राहिले. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी तो किल्ला जिंकला. आज तिथे पडक्या भिंती आणि झाडेझुडपे आहेत. पण सोळाव्या शतकाच्या मध्याला तिथे गजबज होती.

त्या गजबजाटात, १५५६-५७ च्या सुमारास, गोन्सालोचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज शिपाई आणि आई इथल्याच मातीतली. अशा मुलाच्या वाट्याला काय येते, हे त्या काळाची थोडी माहिती असलेल्या कोणालाही कळेल. राज्यकर्त्यांच्या लेखी तो पुरता त्यांचा नसतो आणि गावच्या लोकांच्या लेखी पुरता गावचा नसतो. दोन्ही घरची भाषा येते, पण दोन्ही घरी तो पाहुणाच. त्याच्या बाबतीत देवाने मात्र याच गोष्टीचा उपयोग करून घेतला, हे आपण पुढे पाहणार आहोत.

किल्ल्यातल्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत तो शिकला. फा. सेबास्तियांव गोन्साल्विस हे त्याचे गुरू. त्यांनी त्याला अक्षर शिकवले, प्रार्थना शिकवली आणि दूरदेशी सुवार्ता सांगायला निघालेल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. संत फ्रान्सिस झेवियर यांना जपानच्या भूमीवर उतरून तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. १५७२ साली गोन्सालो पंधरा-सोळा वर्षांचा असताना आपल्या गुरूंसोबत जपानला पोचला. आज आपली मुले बारावीनंतर पुण्याला शिकायला निघाली तरी आईच्या डोळ्यांत पाणी येते. हा पोरगा जहाजात बसून अशा देशात गेला की जिथून परत येण्याची खात्री नव्हती. तो वसईला पुन्हा आलाच नाही.

न मिळालेले उत्तर

जपानमध्ये तो धर्मशिक्षक म्हणून काम करू लागला. जपानी भाषा त्याने अशी आत्मसात केली की लोक त्याच्याशी मोकळेपणाने बोलत. गावोगाव फिरून मुलांना आणि मोठ्यांना श्रद्धेची शिकवण द्यायची, धर्मगुरूंचे बोलणे लोकांना समजावून सांगायचे, आजाऱ्यांना भेटायचे, अशी सुमारे आठ-दहा वर्षे गेली. त्याच्या मनात एकच इच्छा होती. ज्या संघाने आपल्याला घडवले त्याच येशूसंघात आपल्याला प्रवेश मिळावा.

ती इच्छा पूर्ण झाली नाही. त्याला संघात घेतले गेले नाही.

बंधू-भगिनींनो, इथे आपण थोडे थांबू या. बहुतेक चरित्रांत ही गोष्ट एका ओळीत उरकलेली असते. पण आपल्या आयुष्याशी हिचा फार जवळचा संबंध आहे. ज्यांच्यासाठी आपण तरुणपण खर्ची घातले त्यांनी आपल्याला आपले म्हणू नये, याहून मोठे दुःख थोडेच असेल. आपल्याकडे घरात, नोकरीत, मंडळात आणि कधी कधी चर्चमध्येसुद्धा हे घडते. वर्षानुवर्षे गायनात, स्वच्छतेत, सणाच्या तयारीत राबलेल्या माणसाला एक दिवस डावलले जाते. अशा वेळी मनात एक खाते उघडते. आम्ही इतके केले आणि आम्हाला काय मिळाले, असा हिशेब सुरू होतो. विश्वासघाताची पहिली पायरी पुष्कळदा हीच असते. माणूस एकदम कोणाला विकायला निघत नाही. तो आधी मनातल्या मनात हिशेब मांडतो. मग आपल्याला येणे आहे, असे ठरवतो. आणि संधी मिळताच ते येणे वसूल करतो.

गोन्सालोने तसे केले नाही. तो दुखावला असेल, कारण तोही माणूसच होता. तो निघून गेला आणि व्यापारात पडला. त्यात त्याचा चांगला जम बसला. आग्नेय आशियाच्या बंदरांत त्याची ये-जा सुरू झाली, पैसा आला, ओळखी वाढल्या. पण ज्यांनी आपल्याला नाकारले त्यांच्या देवालाही सोडून द्यावे, असे त्याला वाटले नाही. माणसांनी दार बंद केले म्हणून देवाने बंद केले असे होत नाही, हे त्याने ओळखले होते.

व्यापारानिमित्त तो फिलिपिन्समधल्या मनिला शहरात आला. तिथे त्याची फ्रान्सिस्कन मठवासीयांशी गाठ पडली. अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी आणि हातात काही नाही, असे त्यांचे जीवन. ज्याच्यापाशी आता पुष्कळ काही होते त्या गोन्सालोला या रिकाम्या हातांची ओढ लागली. त्याने धंदा सोडला आणि १५८८ च्या सुमारास तो त्यांच्या संघात बंधू म्हणून दाखल झाला. तो धर्मगुरू झाला नाही. मठातली कामे करणारा, रुग्णांची सेवा करणारा साधा ब्रदर म्हणूनच तो शेवटपर्यंत राहिला.

दोन भाषांच्या मधला माणूस

त्या वेळी जपानवर तोयोतोमी हिदेयोशी याची सत्ता होती. शेतकरी-शिपायाच्या घरातून वर आलेला हा अत्यंत हुशार आणि कठोर राज्यकर्ता. १५८७ साली त्याने ख्रिस्ती धर्मप्रचारकांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. पण परदेशी व्यापार त्याला हवा होता, म्हणून त्या हुकमाची अंमलबजावणी ढिली राहिली. पुढे त्याने फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे ताबेदारीची मागणी केली. तिला उत्तर म्हणून १५९३ साली मनिलाहून एक शिष्टमंडळ जपानला निघाले. त्याचे प्रमुख होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता. त्यांना जपानी येत नव्हती. त्यांच्यासोबत दुभाषा म्हणून गेला तो आपला ब्रदर गोन्सालो.

दुभाष्याचे काम किती जोखमीचे असते, हे कोर्टकचेरीत किंवा मोठ्या शहरातल्या दवाखान्यात ज्याला दुसऱ्याच्या तोंडून बोलावे लागले आहे त्याला ठाऊक असते. आपल्याकडचा अहिराणी बोलणारा म्हातारा साहेबापुढे उभा असतो आणि त्याचे म्हणणे दुसरा कोणी साहेबाला सांगत असतो. त्या मधल्या माणसाने एक शब्द इकडचा तिकडे केला तर म्हाताऱ्याची जमीन जाऊ शकते. दोघांचाही जीव त्याच्या जिभेवर असतो. दोघांपैकी कोणालाही धरून देणे त्याला सहज शक्य असते आणि ते कोणाला कळतही नाही. म्हणून दुभाषा आणि दुतोंडी यांच्यात फार थोडे अंतर असते. ते अंतर फक्त प्रामाणिकपणाचे.

गोन्सालो हा त्या अंतराचा राखणदार होता. हिदेयोशीसारख्या लहरी सत्ताधीशापुढे त्याने आपल्या प्रमुखांचे म्हणणे मांडले. हिदेयोशीने त्यांना जपानमध्ये राहू दिले. क्योतोमध्ये त्यांनी लहानसे चर्च उभारले आणि कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालये चालवली. ज्यांना त्यांच्या नातलगांनीही घराबाहेर काढले होते, त्यांच्या जखमा हे लोक धूत. अशा माणसांशी त्यांच्या भाषेत बोलणारा आपला माणूस होता ब्रदर गोन्सालो. लहानपणी दोन घरांच्या मधे उभे राहण्याची जी सवय त्याला लागली होती, ती इथे कामी आली.

एक फुटलेले जहाज

१५९६ च्या ऑक्टोबरमध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडले आणि जपानच्या शिकोकू बेटावर तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. जहाजात मौल्यवान माल खच्चून भरलेला होता. तो सगळा हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. म्हणतात की आपला माल सोडवण्यासाठी जहाजावरच्या सुकाणूवाल्याने अधिकाऱ्यांना नकाशा दाखवून स्पेनच्या राज्याची बढाई मारली. आमचा राजा आधी धर्मप्रचारक पाठवतो आणि मग फौज, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलून गेला. तो नेमके काय बोलला यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पुढे स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांनी या प्रकाराबद्दल एकमेकांना दोष दिला. परिणाम मात्र सर्वांना माहीत आहे. हिदेयोशी संतापला आणि त्याने क्योतो व ओसाकामधल्या मिशनऱ्यांना धरण्याचा हुकूम दिला.

पाहा, मालासाठी तोंडातून निघालेल्या शब्दांनी दूरवरच्या किती माणसांना संकटात लोटले. बोलणाऱ्याच्या मनात कोणाचा जीव घ्यावा असे नसेलही. पण आपली पेटी वाचवताना दुसऱ्याचे काय होईल याचा विचार त्याने केला नाही. यहूदाच्या थैलीतल्या नाण्यांसारखीच ही गोष्ट आहे. विश्वासघात करायला दुष्ट असावेच लागते असे नाही. आपल्या मालाकडे पाहताना शेजारचा माणूस दिसेनासा झाला, की तेवढे पुरते.

यादीतले एक नाव

डिसेंबर १५९६ मध्ये मठांवर पहारे बसले. आधी यादीत पुष्कळ नावे होती. क्योतोचा अधिकारी इशिदा मित्सुनारी याने ती शक्य तितकी कमी केली. तरी चोवीस जण उरले. त्यांत गोन्सालो होता. पोर्तुगीज व्यापाऱ्यांना कोणी हात लावत नव्हते. मी वसईचा, पूर्वीचा व्यापारी, या लोकांचे बोलणे तेवढे भाषांतर करून सांगतो, असे तो म्हणू शकला असता. जपानी भाषा त्याच्याइतकी येणारे त्याच्या मठात दुसरे कोणी नव्हते. सुटकेसाठी चार शब्द लागले असते आणि ते त्याच्यापाशी होते. पण त्याने ते वापरले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द प्रामाणिकपणे पोचवणाऱ्या माणसाने स्वतःच्या वेळीही खोटा शब्द उच्चारला नाही.

याच अटकेच्या वेळी आणखी एक गोष्ट घडली. ती आपण आपल्या मुलांना जरूर सांगावी. शिपाई मठाच्या दाराशी नावे पुकारत होते. त्यांत मत्थिया असे एक नाव होते. हा मत्थिया मठाचा स्वयंपाकी. तो त्या वेळी बाहेर गेला होता. शिपाई पुन्हा पुन्हा नाव घेऊ लागले. तेव्हा शेजारी राहणारा, नुकताच बाप्तिस्मा घेतलेला एक माणूस पुढे आला. आपले नावही मत्थियाच आहे आणि आपणही ख्रिस्ती आहोत, तेव्हा हवे तर आपल्याला न्यावे, असे त्याने सांगितले. शिपायांना डोकी मोजून द्यायची होती. त्यांनी त्याला बांधले. यादी पुरी झाली.

मत्थिया हे नाव आपल्याला प्रेषितांच्या कृत्यांतून माहीत आहे. यहूदाने बारा जणांतली आपली जागा सोडली, तेव्हा ती भरून काढण्यासाठी निवडला गेला तो मत्थिया. विश्वासघाताने रिकामी झालेली जागा भरणारा माणूस. क्योतोच्या त्या शेजाऱ्याने पंधराशे वर्षांनी त्या नावाचा अर्थ पुन्हा एकदा सांगितला. दुसऱ्याच्या नावावर आलेला मृत्यू त्याने स्वतःच्या नावावर घेतला. आपल्या प्रभूने क्रुसावर जे केले ते हेच नव्हे काय?

क्योतो ते नागासाकी

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये या चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता, तो मित्सुनारीने सौम्य केला. मग त्यांना गाड्यांत घालून क्योतो, ओसाका आणि साकाईच्या रस्त्यांतून फिरवले. त्यानंतर नागासाकीपर्यंतची लांबलचक वाट सुरू झाली. आठशे किलोमीटरच्या आसपास अंतर, तेही ऐन हिवाळ्यात आणि बरेचसे पायी. चाळीसगाव ते मुंबई हे रेल्वेचे अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे. इथून मुंबईला चालत जाऊन परत यायचे आणि पुन्हा अर्धी वाट चालायची, असा तो प्रवास होता. पायांत बेड्यांचा धाक, कानाला जखम आणि पुढे काय आहे ते ठाऊक.

त्या रांगेत सहा फ्रान्सिस्कन होते. त्यांतला फेलिपे हा मेक्सिकोचा तरुण याजकपदाच्या दीक्षेसाठी मायदेशी निघाला असताना त्याच फुटलेल्या जहाजातून इथे पोचला होता. तीन येशूसंघीय होते, त्यांत जपानी उपदेशक पॉल मिकी. बाकीचे जपानी प्रापंचिक. कोणी सुतार, कोणी औषधे देणारे, कोणी धर्मशिक्षक. आणि तीन मुले. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अँटनी तेरा वर्षांचा आणि थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. थॉमस आपल्या वडिलांबरोबर चालत होता. वाटेत एका मुक्कामी त्याने आईला पत्र लिहिले. आपली काळजी करू नये, स्वर्गात आम्ही तुझी वाट पाहू आणि धाकट्या भावांच्या श्रद्धेला जपावे, असा त्याचा आशय होता. हे पत्र पुढे त्याच्या वडिलांच्या रक्ताळलेल्या कपड्यांत सापडले.

वाटेत दोन माणसे या चोवीस जणांची सेवा करायला मागोमाग येत होती. एक पेद्रो सुकेजिरो आणि दुसरा फ्रान्सिस नावाचा सुतार. पाणी द्यायचे, खायला आणायचे, जखमा बांधायच्या. पहारेकऱ्यांनी त्यांनाही धरले. त्यांनी सुटण्याची धडपड केली नाही. अशा रीतीने चोवीसचे सव्वीस झाले.

निशिझाकाची टेकडी

५ फेब्रुवारी १५९७ रोजी सकाळी त्यांना नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर आणले. सव्वीस क्रूस तयार होते. जपानी रीतीप्रमाणे खिळे न ठोकता दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी बांधून, शेवटी भाल्याने भोसकून ठार मारीत. शिक्षेचा अंमल करणारा अधिकारी पॉल मिकीला ओळखत होता. त्याच्या मनाची ओढाताण झाली. त्याने लहानग्या लुईसला वाचवायचा प्रयत्न केला. श्रद्धा सोडलीस तर मी तुला माझ्याकडे ठेवून घेईन, असे त्याने सुचवले. बारा वर्षांच्या त्या मुलाने ते मान्य केले नाही. आपला क्रूस कोणता, एवढेच त्याने विचारले. अँटनीचे आईवडील गर्दीत उभे राहून रडत होते. मुलाने त्यांनाच धीर दिला.

परंपरा सांगते की टेकडीवर पोचताच गोन्सालो पुढे झाला आणि क्रुसावर बांधल्या जाणाऱ्यांत तो पहिला होता. त्या वेळी त्याचे वय चाळिशीच्या आसपास होते. त्याच्या दोन्ही बाजूंना क्रुसांची रांग होती. ज्या संघात प्रवेश मिळावा म्हणून त्याने तरुणपणी विनंती केली होती, त्या येशूसंघाचे तिघे त्याच रांगेत होते. त्या काळी जपानमधल्या कामावरून येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांच्यात मतभेद होते, हे इतिहास लपवत नाही. टेकडीवर मात्र कोण कोणत्या संघाचा हे भाल्याने विचारले नाही. गोन्सालोला जे दार मिळाले नाही, त्याच्याहून मोठे दार त्या सर्वांना एकाच वेळी उघडले गेले.

पॉल मिकीने क्रुसावरून शेवटचा उपदेश केला आणि हिदेयोशीला व आपल्या मृत्यूला कारण झालेल्या सर्वांना क्षमा केली. सव्वीस जणांतल्या कोणीही श्रद्धा नाकारली नाही. थोड्याच वेळात सर्व आटोपले.

पुढच्याच वर्षी, १५९८ मध्ये, हिदेयोशी मरण पावला. पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली या हुतात्म्यांना धन्य घोषित केले आणि पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद दिले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा सण येतो. वसईत गास येथील चर्च आणि वसईचे एक महाविद्यालय संत गोन्सालो गार्सियाचे नाव आजही धारण करून आहे. निशिझाका टेकडीवर १९६२ साली सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल आणि २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी तिथे प्रार्थना केली.

ज्यांचे पाय प्रतिमेवर पडले

इथे चरित्र संपवले तर एक गोष्ट अर्धी राहील. आपल्यापैकी कोणी म्हणेल, हे सव्वीस जण धीराचे होते, आम्ही तसे नाही. आम्ही तर कित्येकदा मागे सरलो. आमच्यासाठी या गोष्टीत जागा आहे का?

आहे. १६१४ साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी आली. पुढे नागासाकी भागात लोकांना प्रभूच्या किंवा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचे दाखवावे लागे. जो नकार देई त्याचे हाल होत. कित्येकांनी नकार दिला आणि प्राण दिले. पण कित्येकांनी पाय ठेवला. घरी येऊन त्यांनी पश्चात्तापाची प्रार्थना केली. मुलांना चोरून बाप्तिस्मा दिला आणि आजीकडून नातीकडे श्रद्धा पोचवली. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, अशी दोनशेहून अधिक वर्षे गेली. मग नागासाकीत ओउरा येथे नवे चर्च बांधले गेले. ते याच सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केलेले होते. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक तिथे आले आणि फा. पेतिजाँ यांना त्यांनी हळूच सांगितले की आमच्या अंतःकरणातही तुमच्यासारखीच श्रद्धा आहे. मरियेची मूर्ती कुठे आहे, असे त्यांनी विचारले. ज्यांच्या वाडवडिलांचे पाय प्रतिमेवर पडले होते, ते हुतात्म्यांच्या चर्चमध्ये परत आले होते.

यहूदाने प्रभूला धरून दिले आणि पेत्राने प्रभूला नाकारले. पाप दोघांनीही केले. फरक नंतर पडला. यहूदा आपल्या दुःखासह एकटाच निघून गेला. पेत्र रडला आणि पुन्हा प्रभूच्या नजरेसमोर आला. ज्याला धरून दिले त्यानेच आपल्यासाठी जीव दिला आहे. म्हणून त्याच्याकडे परत जाण्याची वाट कोणासाठीही बंद नाही. बलिदान विश्वासघातापेक्षा मोठे आहे, असे आपण मानतो ते याच कारणाने.

आपल्या यादीत कोणाचे नाव?

चाळीसगावात आपल्यावर कोणी भाला रोखत नाही. पण आपल्यापुढेही याद्या येतात. भावाचे नाव सातबाऱ्यावरून कमी करायचे कागद येतात आणि सही तेवढी आपली हवी असते. मित्राच्या शब्दावर आपण कर्ज घेतो, तो जामीन राहतो आणि हप्ते थकले की आपण त्याचा फोन उचलत नाही. कामाच्या ठिकाणी चूक सगळ्यांची असते आणि साहेबापुढे एकाचेच नाव सांगितले जाते. कापसाच्या काट्यावर माप मारले जाते. सोयरीक जुळवताना किंवा चारचौघांत बसताना आपण ख्रिस्ती आहोत हे आपण हळूच लपवतो. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी कोणाला तरी धरून देत असते. आणि याच प्रत्येक ठिकाणी त्या शेजारच्या मत्थियासारखे पुढे येऊन सांगता येते की ही चूक माझी आहे, हा हप्ता मी भरतो, माझेही नाव तेच आहे.

संत गोन्सालो मोठा विद्वान नव्हता. धर्मगुरूही नव्हता. नाकारला गेलेला, मिश्र कुळातला, दोन भाषांच्या मधे उभा असलेला एक ब्रदर. त्याने कोणाचाही हिशेब चुकता करायला मागे वळून पाहिले नाही. जे शब्द त्याला पोचवायला दिले होते ते त्याने खरे पोचवले आणि शेवटी स्वतःलाच पोचवले. येत्या रविवारी मिस्सात धर्मगुरू भाकर उंच धरतील तेव्हा आपण क्षणभर त्याची आठवण करू या. या आठवड्यात आपण ज्याला धरून दिले असेल त्याच्याकडे जाऊ या. आणि बरेच दिवस टाळलेले पापनिवेदन करू या.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तुझ्याच शिष्याने तुला धरून दिले आणि तू त्याच रात्री स्वतःला आमच्यासाठी दिलेस. संत गोन्सालो गार्सिया आणि त्याच्या सोबत्यांच्या मध्यस्थीने आम्हाला खऱ्या जिभेचे आणि मोकळ्या हातांचे दान दे. आम्ही ज्यांचा विश्वासघात केला त्यांची क्षमा मागायला आम्हाला धीर दे. ज्यांनी आमचा विश्वासघात केला त्यांना क्षमा करायला आम्हाला मन दे. आमेन.